रूपाची जाहिरात आणि शीलाची पत

गेल्या आठवड्यांत एक तरुण आमच्या कचेरींत आला. त्याच्या हातांत आमच्याच पत्राच्या चौथ्या पानाचें एक कात्रण होतें. शहरांतील एका पेढीस हिशेबनीस पाहिजे होता. जाहिरातींत पदवी, अनुभव व संगणकाचें ज्ञान यांची अपेक्षा सांगून शेवटीं ‘आकर्षक व्यक्तिमत्त्व आवश्यक’ असे तीन शब्द छापले होते. तरुण तालुक्याच्या गांवचा, वाणिज्य शाखेची पदवी पहिल्या वर्गांत मिळविलेला, अंगांत धुतलेला सदरा, पायांत झिजलेल्या वहाणा. पेढीच्या मालकांनीं त्यास पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलें, त्याचें बोलणें दोन मिनिटें ऐकलें, आणि ‘कळवूं’ म्हणून वाटेस लावलें. प्रमाणपत्रांची पिशवी उघडण्याचा प्रसंगच आला नाहीं. तो आमच्याकडे तक्रार घेऊन आला नव्हता. त्यानें इतकेंच विचारलें, ‘साहेब, हे तीन शब्द तुम्हीं छापले आहेत, त्यांचा अर्थ मला सांगाल काय? म्हणजे पुढच्या खेपेस तयारीनें जाईन.’ आम्हीं वकिली केलेली आहे. कायद्याच्या कलमांतील शब्दाशब्दाचा कीस पाडण्याची आम्हांस संवय आहे. परंतु या तीन शब्दांचा अर्थ त्या मुलास सांगतांना आमची जीभ अडखळली. त्या दिवशीं जें उत्तर देतां आलें नाहीं, तें आज जाहीर रीतीनें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या प्रश्नासंबंधानें आपल्या समाजांत दोन पक्ष आहेत, आणि आमच्या मतें ते दोन्ही अर्धेंच सत्य बोलतात. पहिला पक्ष म्हणतो कीं, जग डोळ्यांनीं चालतें. कपडा, केसांची ठेवण, इंग्रजी उच्चार व हात मिळविण्याची ढब एवढें साधलें म्हणजे यश आपोआप पायांशीं येतें. या मताच्या जोरावर व्यक्तिमत्त्व घडवून देणारे वर्ग गल्लोगल्लीं निघाले आहेत, आणि ज्यांस तेथील फी परवडत नाहीं ते आपण जन्मतःच कमी आहों असें समजून खालीं मान घालूं लागले आहेत. दुसरा पक्ष जुना व सोवळा आहे. तो म्हणतो कीं, अंगीं गुण असला म्हणजे झालें. रूप काय चाटावयाचें आहे? परंतु हा पक्ष बोलतो एक आणि करतो दुसरें. सभेंत साधेपणाची थोरवी गाणारे हेच गृहस्थ दुकानीं माणूस ठेवतांना आणि घरीं सून पाहतांना प्रथम कातडीचा रंग पाहतात, हें आमच्या वाचकांस ठाऊक नाहीं असें नाहीं.

तेव्हां या दोघांचा वाद ऐकत बसण्यापेक्षां ‘दिसणें’ या एका शब्दांत ज्या दोन निराळ्या गोष्टी आपण कोंबून भरल्या आहेत, त्या आधीं सोडवून घेणें अवश्य आहे. एक गोष्ट माणसाच्या हातची आहे. अंगाची व वस्त्राची स्वच्छता, केसांची व नखांची निगा, प्रसंगास शोभेल असा पोशाख, ताठ उभें राहणें आणि समोरच्याकडे पाहून स्पष्ट बोलणें, हीं सारीं त्यांत येतात. दुसरी गोष्ट माणसाच्या हातची नाहीं. वर्ण, उंची, नाकडोळे, शरीरांतील एखादें व्यंग, जन्मघरची बोली, आणि बापाच्या खिशावर अवलंबून असलेली कापडाची किंमत हीं त्या वर्गांतलीं. पहिली गोष्ट ही शीलाचीच बाहेर दिसणारी कड होय; दुसरीचा शीलाशीं कांहींएक संबंध नाहीं. पहिलीवरून माणसाची परीक्षा करणारा शहाणा, आणि दुसरीवरून करणारा अन्यायी तर खराच, पण त्याहूनहि अधिक तो स्वतःस फसविणारा आहे. आमच्या लेखाचें सार एवढेंच आहे.

पहिल्या गोष्टीची थट्टा करणाऱ्यांनीं एक उदाहरण लक्षांत ठेवावें. एप्रिल २०२० मध्यें, साथीच्या टाळेबंदीमुळें न्यायालयांचें काम पडद्यावरून चाललें असतां, राजस्थान उच्च न्यायालयांत एक वकील आपल्या अशिलाच्या जामिनाच्या अर्जाचे वेळीं बनियन घालूनच हजर झाले. न्यायमूर्तींनीं नापसंति दर्शविली आणि सुनावणी पुढील तारखेवर गेली. लोकांनीं या प्रकारावर पुष्कळ करमणूक करून घेतली. परंतु हानि कोणाची झाली? वकीलसाहेब आपल्या घरींच होते. तारीख लांबली ती जामीन मागणाऱ्या अशिलाची. पोशाखांतील हयगय ही बहुधा अशीच दुसऱ्याच्या खर्चानें होत असते. कळकट फडक्यानें ताट पुसणारा खानावळवाला आणि हात न धुतां रोग्याची नाडी पाहणारा डॉक्टर यांस ‘आम्ही साधे आहों’ असें म्हणण्याचा अधिकार नाहीं. समोरच्या माणसाची त्यांस पर्वा नाहीं एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. उलटपक्षीं, त्याच वर्षीं मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें काळा कोट व गाऊन यांची अट तात्पुरती सैल केली, आणि पांढरा सदरा, पांढरी साडी अथवा पांढरी सलवार-कमीज व गळ्यास पांढरा बँड एवढ्यावर काम भागविलें. न्यायदान त्यामुळें अडलें नाहीं. आदर राखावयास पाहिजे तो मनांतला. कपडा त्याची खूण आहे, आणि प्रसंगानुसार खूण साधीहि चालते.

परंतु खूण ती खूणच. तिच्या पाठीमागें माल नसेल तर काय होतें, हें पाहण्यास आमच्या धंद्यांतलेंच एक चरित्र पुरेसें आहे, आणि तें महात्मा गांधींचें. महात्मा झाल्यानंतरची कथा सर्वांस ठाऊक आहे. त्यापूर्वीं ते वकील होते, आणि प्रथम अयशस्वी वकील होते, ही गोष्ट आपण विसरतों. १८८८ सालीं ते लंडनास गेले, तेव्हां सभ्य दिसण्याच्या हव्यासानें त्यांनीं बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा संध्याकाळचा सूट शिवविला, उंच टोपी घेतली, आरशासमोर टाय बांधण्यांत वेळ घालविला, नाचण्याचे धडे घेतले, व्हायोलिनहि विकत आणलें. हें सर्व त्यांनीं स्वतःच आत्मकथेंत मोकळ्या मनानें लिहून ठेवलें आहे. १८९१ सालीं बॅरिस्टर होऊन ते परत आले, आणि मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टांत तीस रुपये फीचें पहिलें काम त्यांच्याकडे आलें. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावयास ते उभे राहिले, पाय लटपटूं लागले, डोकें गरगरलें, आणि एकहि प्रश्न न विचारतां ते खालीं बसले. अशिलाच्या माणसास दुसरा वकील पाहावयास सांगून ते कोर्टांतून निघून गेले. विलायतेचा पोशाख व विलायतेची सनद हीं दोन्हीं त्या क्षणीं अंगावर होतीं. पण त्यांतून प्रश्न एकहि निघाला नाहीं.

पुढें १८९३ सालीं दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठीं ते दक्षिण आफ्रिकेस गेले. दरबानच्या कोर्टांत मॅजिस्ट्रेटनें पगडी उतरावयास सांगितलें. त्यांनीं ती न उतरतां कोर्ट सोडलें. प्रिटोरियांत एका गोऱ्या न्हाव्यानें त्यांचे केस कापण्याचें नाकारलें; त्यांनीं आरशापुढें बसून स्वतःच केस कापले, ते मागच्या बाजूस इतके ओबडधोबड झाले कीं कोर्टांतील मित्रमंडळीस हंसूं आवरेना. म्हणजे पहिल्या पक्षाच्या हिशेबानें पाहिलें तर या गृहस्थाचा धंदा तेथेंच बुडावयास पाहिजे होता. पण झालें उलट. ज्या खटल्यासाठीं ते गेले होते तो सारा जमाखर्चाचा होता, आणि त्यांस जमाखर्च येत नव्हता. त्यांनीं पुस्तक आणून तो शिकून घेतला, दोन्ही पक्षांच्या वह्या व पत्रव्यवहार मुळापासून तपासला, आणि वस्तुस्थिति इतकी पक्की केली कीं आपल्या अशिलाची बाजू खरी आहे याविषयीं त्यांस शंका उरली नाहीं. तरीहि कज्जा लांबविला तर दोन्ही घरें बुडतील हें पाहून त्यांनीं उभयतांस लवादावर राजी केलें. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूनें झाला. तय्यब शेटांवर सुमारें सदतीस हजार पौंड व खर्च बसला. ती रक्कम एकदम मागितली असती तर शेटांचें दिवाळें निघालें असतें. गांधींनीं जिंकलेल्या अशिलाची मनधरणी करून हप्ते लांब मुदतीचे करून घेतले. त्यानंतर १८९४ सालीं त्यांनीं नाताळांत राहण्याचें ठरविलें, तेव्हां वीसएक व्यापाऱ्यांनीं एक वर्षाची आगाऊ वकिली त्यांस देऊं केली.

आमच्या व्यापारी वाचकांनीं या वीस व्यापाऱ्यांचा विचार जरा थांबून करावा. तीं माणसें परमुलखांत पोट भरावयास गेलेलीं, पैशापैशाचा हिशेब ठेवणारीं. त्यांनीं या तरुणाच्या केसांकडे पाहिलें नाहीं. हा मनुष्य वह्या नीट वाचतो, खोटी बाजू खरी म्हणून सांगत नाहीं, आणि जिंकल्यावर हरलेल्यास ठार करीत नाहीं, एवढें त्यांनीं पाहिलें, आणि आपली लक्ष्मी त्याच्या हवालीं केली. व्यापाराच्या भाषेंत यासच पत म्हणतात. रूप हें फार तर दुकानावरची पाटी आहे. पत ही वहींत असते, आणि ती वर्षानुवर्षांच्या नोंदींनीं होते.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीं तर दुसरा पक्ष आमच्यावर हक्क सांगूं लागेल. केस बिघडले म्हणून गांधींनीं टापटीप सोडली नाहीं. परटाचें बिल वाचवावें म्हणून ते घरीं कपडे धुऊं लागले. पहिल्या कॉलरला खळ इतकी झाली कीं ती कोर्टांत गळूं लागली आणि बरोबरीचे बॅरिस्टर हंसले. त्यांनीं धुणें सोडलें नाहीं, तें अधिक चांगलें शिकून घेतलें. १९१२ सालीं नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेंत आले, तेव्हां त्यांच्याजवळ न्यायमूर्ति रानड्यांनीं दिलेलें एक उपरणें होतें. गोखले तें जिवापाड जपत आणि विशेष प्रसंगींच वापरीत. जोहान्सबर्गच्या मेजवानीपूर्वीं तें चुरगळलेलें निघालें, आणि त्यास इस्त्री गांधींनीं स्वतःच्या हातानें केली. रानड्यांचें उपरणें, गोखल्यांचा खांदा आणि गांधींची इस्त्री, असा हा योग आहे. या तिघांपैकीं एकासहि कोणी छानछोकीचा भोक्ता म्हणणार नाहीं. पण कपडा स्वच्छ व नीट असावा यांत तिघांसहि कमीपणा वाटला नाहीं.

कोणी म्हणेल, हेच गांधी पुढें १९२१ सालीं मदुरेस अंगावरचे कपडे उतरून पंचा नेसले, आणि १९३१ सालीं त्याच वेषानें लंडनच्या राजवाड्यांत बादशहास भेटले. मग पोशाखाचें महत्त्व उरलें कोठें? या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्रानें दुसऱ्या एका बॅरिस्टराकडून घ्यावें. डॉ. आंबेडकर १९१७ सालीं अमेरिका व इंग्लंड येथें शिकून बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. विद्या होती, पोशाख होता, सरकारी हुद्दा होता. तरीहि हाताखालचे शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरूनच टाकीत. आणि ज्या पारशी उतारशाळेंत त्यांनीं आसरा घेतला होता, तेथून काठ्या घेतलेल्या जमावानें त्यांस बाहेर काढलें. म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यावर जातीची झांपड असली म्हणजे समोरच्याचें रूपहि व्यर्थ आणि शीलहि व्यर्थ. डिसेंबर १९२७ मध्यें महाड येथें जमलेल्या स्त्रियांस त्याच आंबेडकरांनीं सांगितलें कीं, ज्या नेसण्यावरून व ज्या दागिन्यांवरून तुमची अस्पृश्य म्हणून ओळख पटते तें नेसणें व ते दागिने टाकून द्या, आणि स्वच्छ राहा. आजहि गांवोगांवच्या पुतळ्यांत बाबासाहेब कोट-पाटलोणींत उभे आहेत, तें उगीच नव्हे. ज्यास सर्व कांहीं नेसावयास मोकळीक होती त्यानें वस्त्र उतरविलें. ज्यांस चांगलें नेसण्याची पिढ्यान्‌पिढ्या बंदी होती त्यांच्या पुढाऱ्यानें वस्त्र चढविलें. दोघांचें कृत्य बाहेरून उलट दिसतें, पण दोघांचाहि मुद्दा एकच कीं, माणसाची किंमत कपड्यावरून ठरविण्याचा अधिकार आम्ही कोणास देत नाहीं.

आतां पेढीवाल्यांकडे व कारखानदारांकडे वळूं. ‘आकर्षक व्यक्तिमत्त्व’ या शब्दांखालीं तुम्ही पाहतां काय, याची प्रत्येकानें आपल्या मनाशीं उलटतपासणी घ्यावी. स्वच्छता व टापटीप पाहत असाल तर तसें लिहा; त्यास मराठींत सरळ शब्द आहेत. परंतु पुष्कळ ठिकाणीं या गोड शब्दांच्या आड पाहिला जातो तो रंग, पाहिली जाते ती बोली, आणि बोलीवरून व आडनांवावरून हुंगली जाते ती जात. रंगाचा हा रोग किती जुना आहे पाहा. गोरेपणाच्या आशेवर विकलें जाणारें एक प्रसिद्ध मलम १९७५ सालीं बाजारांत आलें. त्याच्या नांवांतील गोरेपणा पुसावयास २०२० साल उजाडलें, आणि नांव बदललें तरी डबी खपतेच आहे. स्त्रियांच्या बाबतींत तर रूप हीच नोकरीची अट होऊन बसते. एअर इंडियाच्या नियमांप्रमाणें हवाई सेविकेस पहिल्या गरोदरपणींच नोकरी सोडावी लागे. तो नियम सर्वोच्च न्यायालयानें १९८१ सालीं नर्गेश मिर्झा यांच्या प्रकरणांत रद्द ठरविला, आणि भारतीय स्त्रीत्वाचा तो अपमान असल्याचें निकालांत सांगितलें. तरी त्याच निकालांत नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट कायम राहिली, हेंहि विसरूं नये.

आमच्या राज्यघटनेचें पंधरावें व सोळावें कलम धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेद करण्यास सरकारास मनाई करतें. त्या यादींत ‘रूप’ हा शब्द नाहीं, आणि खाजगी पेढीच्या गादीपर्यंत त्या कलमांचा हात सहसा पोंचत नाहीं. कायद्याचे आम्ही अभ्यासक आहों, म्हणूनच सांगतों कीं, जेथें कायद्याची हद्द संपते तेथून पुढें माणसाच्या शीलाची परीक्षा सुरू होते. उमेदवाराचें शील तपासणाऱ्या शेटजींचीहि त्या खोलींत त्याच वेळीं परीक्षा चाललेली असते.

न्यायाची गोष्ट सोडून निवळ नफ्यातोट्याची भाषा बोलूं. सोनें सर्वांत सुंदर दिसतें, तरी तें नुसतें पाहून कोणी घेत नाहीं, कसोटीवर घांसतो. आतां तर जेथें हॉलमार्क सक्तीचा आहे तेथें, १ एप्रिल २०२३ पासून, सहा अक्षर-अंकांची खूण असल्याखेरीज सराफास नवा दागिना विकतां येत नाहीं. निर्जीव सोन्याच्या चकाकीवर ज्याचा विश्वास नाहीं, त्यानें आपली तिजोरी सांभाळणारा माणूस मात्र चकाकीवर निवडावा, हें कोणतें शहाणपण? हैदराबादच्या सत्यम कंपनीची गोष्ट अजून जुनी झालेली नाहीं. उत्तम कारभाराबद्दल तिला २००८ सालीं सुवर्ण मयूर पारितोषिक मिळालें. आणि ७ जानेवारी २००९ रोजीं तिच्या अध्यक्षांनीं स्वतःच्या पत्रानें कबूल केलें कीं, ताळेबंदांत दाखविलेली ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँकेंतील शिल्लक अस्तित्वांतच नव्हती. ज्या मंडळींनीं ते ताळेबंद फुगविले त्यांचे कोट उत्तम शिवलेले होते, इंग्रजी अस्खलित होतें, आणि व्यक्तिमत्त्व आकर्षक होतें. नव्हतें तें एकच, आणि तें जाहिरातींत कोणी मागितलें नव्हतें.

म्हणून आमची सूचना अशी कीं, दोन मिनिटांच्या दर्शनावर माणूस नाकारूं नका. त्याच्यापुढें एक चुकलेला जमाखर्च ठेवा आणि चूक सांपडते काय पाहा. सांपडली तर ती तो कशी सांगतो, आणि न सांपडल्यास ‘मला समजत नाहीं’ असें सरळ म्हणतो कीं थाप मारतो, हें पाहा. एक दिवस गादीवर बसवा. दुपारीं गिऱ्हाइकांची गर्दी झाली असतां गरीब गिऱ्हाइकाशीं तो कसा बोलतो तें ऐका. यास पैसा लागत नाहीं, आणि याइतकी खरी मुलाखत दुसरी नाहीं.

तरुणांसहि दोन शब्द सांगावयाचे आहेत, आणि ते आम्ही आर्जवानें सांगतों. मुलाखतीसाठीं कर्ज काढून सूट शिवूं नका. दोन सदरे असोत, पण धुतलेले असोत. रंगाची लाज बाळगूं नका, नखांतल्या मळाची बाळगा. आपली बोली टाकूं नका. मात्र जें बोलावयाचें तें पूर्ण वाक्यांत, ऐकूं जाईल असें बोला. दिलेल्या वेळेच्या आधीं पोंचा. आणि ध्यानांत ठेवा कीं, चांगल्या पोशाखानें दार एकदां उघडतें. पण त्या दारांतून दुसऱ्या दिवशीं, दुसऱ्या वर्षीं व दहाव्या वर्षीं आंत घेतलें जातें तें शब्द पाळणाऱ्यास, हिशेब चोख ठेवणाऱ्यास, आणि चूक झाली असतां ती मालकाच्या आधीं स्वतः सांगणाऱ्यास. ज्या राष्ट्रानें परक्यांच्या राज्यांत ‘काळा माणूस’ म्हणून अपमान सोसला, त्या राष्ट्रांतील एकाहि तरुणास आपल्याच माणसाच्या पेढीवर तोच अपमान सोसावा लागूं नये, ही आमची स्वराज्याची कल्पना आहे.

राहिली आमची स्वतःची गोष्ट. दुसऱ्यांस उपदेश करणाऱ्यानें आपलें अंगण आधीं झाडावें. ते तीन शब्द पेढीनें लिहिले हें खरें. पण ते छापले आम्हीं, आणि त्यांचे पैसेहि घेतले आम्हीं. त्या पैशांवर हें पत्र चालतें हें लपविण्यांत अर्थ नाहीं, आणि पुढील निर्णयानें आमच्या व्यवस्थापकांच्या कपाळास आठी पडली आहे हेंहि आम्ही लपवीत नाहीं. येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून नोकरीच्या कोणत्याहि जाहिरातींत वर्ण, रूप, उंची किंवा ‘आकर्षक व्यक्तिमत्त्व’ यांची अट या पत्रांत छापली जाणार नाहीं. कामासच उंचीची गरज असेल, किंवा नाटकांत एखादें पात्र पाहिजे असेल, तर कारण लिहावें. आम्ही खुशीनें छापूं. स्वच्छता, वक्तशीरपणा व सचोटी यांची अट कोणी घातल्यास ती मोठ्या अक्षरांत छापूं. कांहीं जाहिरातदार आम्हांस सोडून जातील. त्यांस आम्ही नमस्कार करतों. वधूवरांच्या जाहिरातींतहि हाच रोग आहे, हें आम्हांस दिसतें, आणि तेथें हात घालावयास याहून अधिक धैर्य लागेल, हेंहि दिसतें. त्याविषयीं स्वतंत्र लिहूं.

त्या तालुक्याच्या तरुणास आमचें उत्तर असें आहे: तुम्हीं अर्थ विचारला, तो आम्हांस सांगतां आला नाहीं, कारण चारचौघांत मोठ्यानें सांगण्याजोगा तो अर्थच नव्हता. ज्या शब्दांचा अर्थ सांगावयास लाज वाटते, ते शब्द छापण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पुढच्या खेपेस तुम्ही तयारीनें जालच. आम्हीहि आमची तयारी केली आहे.